वेचणारे हात, वाटणारे हात

मराठी वाङ्मयाचे जे इतिहास लिहिले गेले, ते मुख्यतः रचणाऱ्यांचे इतिहास आहेत. ग्रंथ कोणी रचला, केव्हा रचला, कोणाच्या आश्रयाने रचला, याची चर्चा त्यांत भरपूर सापडते. पण रचलेले टिकले कसे, ते एका गावाहून दुसऱ्या गावी कोणी नेले, हजारांतून शंभर कोणी निवडले आणि निवडताना काय गाळले, हे प्रश्न बहुधा प्रस्तावनेच्या एखाद्या परिच्छेदात उरकले जातात. स्वतः काही न रचता दुसऱ्याचे चांगले वेचून चार लोकांपर्यंत पोचवणारा माणूस आपल्या वाङ्मयव्यवहारात सगळीकडे आहे, आणि इतिहासात जवळजवळ कुठेच नाही.

आज हा माणूस पुन्हा ठळकपणे दिसू लागला आहे, कारण आता तो आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. सकाळी फोन हातात घ्यावा, तर कोणी सुविचार पाठवलेला असतो, कोणी कविता, कोणी एखाद्या जुन्या पुस्तकातले पान. त्यांत कचरा खूप असतो, हे खरे. पण नेटाने, रोज, कसलीही अपेक्षा न ठेवता काहीतरी चांगले निवडून पाठवणारी माणसेही असतात. सोलापूरसारख्या शहरात निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, यंत्रमाग कारखान्यातले हिशेबनीस, गृहिणी अशांपैकी कितीतरी जण हे काम करतात. त्यांची थट्टा करणे सोपे आहे. ‘व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठ’ हा शब्द आता रूढच झाला आहे. मला मात्र वाटते की या मंडळींकडे एका जुन्या परंपरेचे वारस म्हणून पाहावे, आणि मग त्या परंपरेचे नियम त्यांना लावून पाहावेत. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

सातशे आणि सतराशे अडतीस

महाराष्ट्राच्या भूमीशी जोडलेला सर्वांत जुना काव्यग्रंथ हा मुळात निवडीचा ग्रंथ आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांची निवड. एक कोटी गाथांमधून या सातशे वेचल्या, असे तो ग्रंथच सांगतो. कोटीचा आकडा अर्थातच अक्षरशः घेण्याचा नाही, पण त्यातला अभिमान ध्यानात घेण्यासारखा आहे. राजा ‘मी रचले’ असे म्हणत नाही, ‘मी निवडले’ असे म्हणतो. शेतकरी, शिकारी, प्रवासी, सासुरवाशिणी यांच्या तोंडच्या गाथा त्या निवडीमुळे उरल्या. ज्या निवडीत आल्या नाहीत, त्या बहुतेक सगळ्या गेल्या.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे, पण आपल्याकडे पोचले ते एका गोमंतकीय माणसामुळे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी पूर्व भारतातल्या जगद्दल विहारात विद्याकर नावाच्या बौद्ध विद्वानाने संस्कृत सुभाषितांचा एक संग्रह केला. ‘सुभाषितरत्नकोश’ हे त्याचे नाव. त्यात १,७३८ श्लोक आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वि. वि. गोखले यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती १९५७ मध्ये हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाली. कोसंबी व्यवसायाने गणिती, त्यामुळे निवडीतल्या आवडीनिवडीकडेही त्यांनी चिकित्सक नजरेने पाहिले. माझ्या विषयाच्या दृष्टीने या संग्रहातली एक साधी गोष्ट मोलाची आहे. विद्याकराने शेकडो श्लोकांखाली कवीचे नाव नोंदले. त्यांतल्या कित्येक कवींचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. असा कोणी कवी होऊन गेला, हे आपल्याला कळते ते श्लोकाखालच्या त्या दोन-चार अक्षरांमुळे.

श्लोक उतरवून घेणे हे अर्धे काम झाले. नाव उतरवून घेतल्यावर ते पुरे होते.

कोणाचे बोल, कोणाचे अक्षर

आमच्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आहे, सावता माळ्यांचे अरण आहे, आणि चोखोबा, दामाजी, कान्होपात्रा यांचे मंगळवेढे आहे. संतांच्या रचना कोणी उतरवल्या, याबद्दल जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे. त्यात ज्ञानदेवांपासून एकेका संताचा ‘लिहिणारा’ सांगितला आहे. सावतोबांचा काशिबा गुरव, चोखोबांचा अनंतभट्ट, आणि जनीचे बोल लिहिणारा साक्षात पांडुरंग. हा अभंग नेमका केव्हाचा, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. बोलणाऱ्याइतकीच लिहिणाऱ्याची नोंद व्हावी, असे त्या समाजाला वाटत होते.

ही यादी जरा थांबून वाचली, तर आणखी काही दिसते. मळ्यात राबणाऱ्याचे बोल गुरव लिहितो, महाराचे बोल भट लिहितो. ज्यांना देवळाचे दार बंद होते, त्यांचे शब्द दुसऱ्याच्या लेखणीवाचून टिकणे शक्य नव्हते. आणि जनीसारख्या दासीसाठी तर लिहिणारा माणूसच मिळाला नसावा, म्हणून देवाला बोरू हाती घ्यावा लागला, असाही त्या यादीचा अर्थ काढता येतो. कोणाचे शब्द पुढे जातील हे अनेकदा वाहणाऱ्याच्या हाती असते. म्हणून वाहणाऱ्याची जबाबदारी मोठी.

संतकवींनी आपल्यापरीने एक तजवीज करून ठेवली होती. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा गुंफायची. पद कोणीही गावे, कुठेही गावे, रचणाऱ्याचे नाव पदाबरोबर चालत जाई. कागद फाटला तरी नाव सुटत नसे. शाहिरांनीही हीच रीत ठेवली. ‘होनाजी बाळा’ या जोडनावात तर रचणारा होनाजी आणि गळ्यातून लोकांपर्यंत पोचवणारा बाळा करंजकर असे दोघेही आहेत. निर्माता आणि प्रसारक यांना एकाच नावात बसवणारे असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

पण मुद्रा असली की खोटी मुद्राही आलीच. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांच्या गाथेत मिसळले, आणि त्यांची फारकत करण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. तुकोबांच्या मुद्रेखाली दुसऱ्यांनी रचलेले अभंगही गाथ्याच्या प्रतींत शिरले. म्हणजे थोर माणसाच्या नावावर आपला माल खपवण्याची युक्ती मोबाइलने शोधलेली नाही. तो रोग जुना आहे. प्रश्न असा की जुन्या लोकांनी त्यावर औषध काय केले?

नाथांची नरोटी

त्याचे एक उत्तर पैठणला मिळते. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहाती उतरवल्या जात असताना तीनशे वर्षांत त्यांत अशुद्धे शिरली, जोडओव्या घुसल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. काम संपवताना त्यांनी एक सक्त इशारा दिला. यात कोणी आपल्या ओवीची भर घालील, तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नाथ स्वतः थोर कवी होते. त्यांच्या ओव्या ज्ञानेश्वरीत बेमालूम खपल्या असत्या. पण दुसऱ्याचा ग्रंथ पुढे देताना आपली प्रतिभा बाजूला ठेवायची, हा संयम त्यांनी पाळला. वाटणाऱ्याच्या शिस्तीचा मराठीतला हा पहिला मोठा धडा म्हणता येईल.

दुसरा धडा ‘दासबोधा’त आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात शाई, कागद, लेखणी आणि समास यांची चर्चा पाहून नवा वाचक चकित होतो. अक्षर वाटोळे, सुटे असावे. पहिले अक्षर जसे, तसेच ग्रंथ संपेपर्यंत दिसावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येत नाही. चोहोबाजूंनी जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाची कड झिजली तरी अक्षर वाचते. या सूचना रचणाऱ्यासाठी नाहीत. त्या उतरवणाऱ्यासाठी आहेत, आणि आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी वाचकाची काळजी त्यांत ओतप्रोत भरली आहे. समर्थांचे लेखक कल्याणस्वामी यांचा मठ डोमगावला, म्हणजे सोलापूरच्या शेजारीच, परंड्याकडे. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत तिथेच जतन झाली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ग्रंथ छापताना याच डोमगाव प्रतीचा आधार घेतला.

शंकरराव देवांचे नाव निघाले, म्हणून ‘बाड’ या वस्तूविषयी सांगायला हवे. बाड म्हणजे आखूड बाजूला शिवलेली लांबट वही. पोथी बहुधा एका ग्रंथाची असते, बाड मात्र एका माणसाच्या आवडीचे असते. त्यात आरत्या, भूपाळ्या, अष्टके, दहा कवींची पदे, मध्येच एखादे औषध, कुठे उसनवारीचा हिशेब. मठातला शिष्य भिक्षेला निघाला की बाड काखोटीला. जिथे मुक्काम होई तिथे काही ऐकायचे, आवडले तर उतरवून घ्यायचे, आणि आपल्याकडचे दुसऱ्याला उतरवू द्यायचे. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक बाड म्हणजे एका माणसाचे ‘पेज’. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे देवांनी मठोमठी हिंडून अशी बाडे गोळा केली, आणि ती पुढे तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली गेली. ज्या कवींनी ग्रंथ म्हणून काहीच मागे ठेवले नाही, ते कोणाच्या तरी बाडात एका पदापुरते जिवंत आहेत.

‘जसे पाहिले तसे’

हस्तलिखितांच्या शेवटी लेखकू, म्हणजे नकलकार, काही ठराविक श्लोक लिहीत. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध श्लोकाचा आशय असा: जसे पुस्तक पाहिले तसेच मी लिहिले, ते शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नये. आज संदेशाच्या शेवटी ‘जसा आला तसा पुढे पाठवला आहे’ असे लिहितात. दोन्हींमध्ये शेकडो वर्षांचे अंतर आहे, पण ‘दोष माझा नाही’ हे म्हणणे एकच. हे साम्य प्रथम ध्यानात आले तेव्हा मला गंमत वाटली. नंतर मात्र फरक जाणवू लागला.

पहिला फरक कष्टांचा. त्याच प्रकारच्या दुसऱ्या एका श्लोकात लेखकू सांगतो की पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर खाली खिळवून हे लिहिले आहे, तेव्हा जपून ठेवा. एक ग्रंथ उतरवायला महिने लागत. म्हणून उतरवण्याच्या लायकीचे आहे का, हा विचार आधी होत असे. हाताचे श्रम हीच एक चाळणी होती.

दुसरा फरक त्याहून मोठा. ‘मला दोष देऊ नका’ म्हणणारा लेखकू त्याच पानावर बहुधा आपले नाव, गाव, शक, महिना, तिथी आणि कोणासाठी लिहिले हेही नोंदवत असे. अशुद्धाचा दोष नाकारतानाही ‘ही प्रत मी केली’ हे तो लपवत नव्हता. त्यामुळे तीनशे वर्षांनीदेखील संशोधकाला त्या प्रतीची वंशावळ लावता येते. आजच्या संदेशात दोष नाकारलेला असतो, पण नाव-गाव नसते. परंपरेतली सबब आपण उचलली आणि सही मात्र सोडून दिली.

सोलापूरच्या जैन समाजात ही सहीची रीत फार चांगली दिसते. जैनांच्या चार दानांत आहार, औषध आणि अभय यांच्याबरोबर शास्त्रदान आहे. ग्रंथाची प्रत करवून ती मंदिराला देणे हे पुण्यकर्म. त्यामुळे प्रत कोणी करवली आणि कोणाला दिली, याच्या नोंदी राहिल्या. या दानाला छपाईचे रूप सोलापुरात मिळाले. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात इथून ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले. पुढे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून जैन संस्कृती संरक्षक संघाची जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. तिचा पहिला ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’, संपादक आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन, प्रकाशनाचे वर्ष १९४३. कापडाच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातून एक प्राकृत ग्रंथ हस्तलिखिते ताडून, पाठभेदांसह जगापुढे गेला. शास्त्रदानाच्या जुन्या कल्पनेला चिकित्सेची जोड मिळाली की काय होते, त्याचा हा नमुना.

रामजोशी: दोन्ही काठांचा माणूस

वेचून वाटण्याच्या या कथेत सोलापूरचा सर्वांत रंगीत माणूस म्हणजे रामजोशी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या विद्वान ब्राह्मण घराण्यात तो जन्मला, तमाशाच्या नादाने घराबाहेर पडला, पंढरपुरास राहून संस्कृत शिकला, आणि लावणी व कीर्तन या दोन्ही फडांवर गाजला. त्याच्या लावण्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या विषयाला जवळची गोष्ट वेगळी आहे. बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या तोंडी बसवण्याचे श्रेय परंपरा रामजोशीला देते. पंतांची आर्या संस्कृतप्रचुर, यमकांनी जड. ती पोथीत राहिली असती तर पंडितांपुरती राहिली असती. रामजोशीने ती कीर्तनात आणली, टाळ-मृदंगाच्या साथीने गायिली, अर्थ उलगडून सांगितला, आणि ती बाजारातल्या माणसाच्या ओठी आली.

ज्याच्या स्वतःच्या काव्याला लोक गर्दी करत, त्याने आपल्या लोकप्रियतेचा काही भाग दुसऱ्या कवीच्या सेवेला लावला, आणि तोही ‘ही मोरोपंतांची आर्या’ असे सांगून. कीर्तनाची रीतच तशी आहे. पूर्वरंगात बुवा दहा ठिकाणचे दाखले देतात, पण दाखला कोणाचा हे सांगितल्याखेरीज पुढे जात नाहीत. मूळ पद, त्याचा कर्ता, त्याचा अर्थ आणि आजच्या प्रसंगाशी त्याचा संबंध, असे चारही पदर कीर्तनात असतात. आज सुविचार पाठवणाऱ्यांपैकी जो कोणी पुस्तकाचे नाव देतो आणि ‘हे मला का आवडले’ म्हणून दोन ओळी लिहितो, तो नकळत कीर्तनकाराच्याच वाटेने जात असतो.

रामजोशीच्या स्वतःच्या लावण्याही वाहणाऱ्यांमुळेच राहिल्या. त्या तमासगिरांच्या बाडांत आणि गळ्यांत होत्या. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकाने असले वाङ्मय मिळवून छापले. १८९१ मध्ये अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा जो संग्रह काढला, त्यासाठीही गोंधळी आणि शाहीर यांच्या तोंडून पोवाडे उतरवून घ्यावे लागले होते.

वेचे आणि तळटीपा

छपाई आली तेव्हा निवडणाऱ्याच्या हाती पूर्वी कधी नव्हती एवढी सत्ता आली. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ मध्ये निघाले. ‘मराठी कवितांचे वेचे’ असेच त्याचे वर्णन होते. ते शाळांतून चालले, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि मराठी शिकलेल्या कित्येक पिढ्यांना ‘जुनी कविता’ म्हणून जे ठाऊक झाले ते बव्हंशी तात्यांच्या पसंतीचे. आपण ज्याला परंपरा म्हणतो, तिच्यात अशा एकेका माणसाची निवड मुरलेली असते. वेचणारा लोणी काढतो, पण ताकाबरोबर काय गेले हे नंतर कळत नाही.

म्हणून मला ‘नवनीता’इतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व तुकारामांच्या गाथेच्या सरकारी आवृत्तीचे वाटते. सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या शिफारशीने सरकारने चोवीस हजार रुपये दिले, आणि शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी संपादिलेली ही आवृत्ती १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडली. देहू, कडूस, तळेगाव आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचा आधार घेऊन साडेचार हजारांवर अभंग छापले, आणि जिथे प्रतींचे एकमत नव्हते तिथे खाली पाठभेद दिले. तळटीप ही गोष्ट दिसायला किरकोळ, पण तिच्यात वाचकाविषयीचा आदर आहे. ‘मी हे निवडले, पण दुसरेही होते, आणि ते इथे आहे, तुम्हीही पाहा’ असे ती सांगते. विद्यापीठाच्या दाराबाहेर राहून माझ्यासारखा माणूस जे थोडेफार शिकला, ते अशा तळटीपांच्याच बळावर. ग्रंथाने उत्तर दिले, तळटिपेने पुढची वाट दाखवली.

याच सुमारास, १८६७ मध्ये, सरकारने कायदा केला की छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण असलेच पाहिजे. हस्तलिखितातली ऐच्छिक सही आता सक्तीची झाली. तिची दुसरी बाजूही सोलापूरने पाहिली आहे. १२ मे १९३० रोजी या शहरावर मार्शल लॉ लादला गेला. त्या काळात ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना शिक्षा झाली. कागदावर नाव असले म्हणजे पोलिसांना घर शोधावे लागत नाही. म्हणून नाव नसलेली प्रत्येक गोष्ट भ्याड, असे मी म्हणणार नाही. जुलमाच्या काळात निनावी पत्रकाने मोठे काम केले आहे. पण तिथे नाव लपवण्यामागे जिवाचा धोका होता. कवितेखालचे कवीचे नाव गाळण्यामागे असा कोणता धोका असतो?

स्वातंत्र्यानंतर मासिकांच्या जगात ‘वेचक’ हाच एक प्रकार झाला. अमेरिकेत १९२२ मध्ये सुरू झालेल्या ‘रीडर्स डायजेस्ट’चा नमुना जगभर गेला. मराठीत नाशिकच्या गावकरी प्रकाशनाचे ‘अमृत’ त्याच वळणाचे. खेड्यातल्या ज्या घरात दुसरे कोणतेही मासिक येत नसे, तिथे असा एखादा अंक महिनाभर पुरवून वाचला जाई. शाळेच्या फळ्यावरचा ‘आजचा सुविचार’ आणि चौकातला वार्ताफलक ही त्याचीच धाकटी भावंडे. फळ्यावरचा सुविचार रोज पुसला जाई. पण तो कोणाच्या अक्षरातला आहे, हे सगळ्या शाळेला माहीत असे.

एक जुलै

आता ज्या घटनेमुळे हा विषय माझ्या दृष्टीने केवळ वाङ्मयाचा राहिला नाही, तिच्याकडे येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. मेलेले पाचहीजण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, आणि त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे तालुक्यातले.

डवरी गोसावी म्हणजे डवर वाजवत, गावोगाव फिरत भिक्षा मागणारी भटकी जमात. देवादिकांची गाणी, आशीर्वाद, आणि या गावची खबर त्या गावाला, अशी शब्दांची ने-आण करत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्यातलीच ही माणसे. कोणीतरी पाहिल्यावाचून, विचारल्यावाचून पुढे ढकललेल्या शब्दांनी त्यांचा जीव घेतला. तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांचा हेतू वाईट नसेल. आपल्या नातलगांची पोरे सांभाळली जावीत, एवढेच त्यांच्या मनात असेल. ‘जसा आला तसा’ पुढे गेला.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे आलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठवण्यावर बंधन आणले. जानेवारी २०१९ मध्ये ते बंधन जगभर लागू झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. लेखकूची मान मोडणारे श्रम जी चाळणी आपोआप लावत होते, तिची जागा यंत्राने अशी थोडीशी भरून काढली. पण ती खूण ‘हे दुसऱ्याचे आहे’ इतकेच सांगते. कोणाचे आहे, कुठून आले, ते सांगत नाही. ते सांगणे अजूनही माणसाचेच काम आहे.

वेचणाऱ्याचे तीन नेम

इथवर जे पाहिले त्यातून वेचणाऱ्याचे तीन नेम हाती लागतात. ते माझे नाहीत, परंपरेने घालून दिलेले आहेत. पहिला विद्याकराचा आणि कीर्तनकाराचा: ज्याचे आहे त्याचे नाव सांगावे, आणि नाव ठाऊक नसेल तर थोराचे नाव उसने आणू नये. दुसरा नाथांचा: दुसऱ्याच्या ताटात आपली नरोटी ठेवू नये, शब्द बदलू नयेत, दोन ओळी वाढवू नयेत. तिसरा लेखकूचा: वाटणाऱ्याने आपली सही करावी, म्हणजे ‘हे मी अमक्या पुस्तकातून, अमक्या दिवशी उतरवले’ असे म्हणायला तयार असावे. बातमी असेल तर ही सही करण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबतोच. राईनपाड्याच्या वाटेवर तो क्षण कुणाला तरी पुरला असता.

या नेमांनी वागणारी माणसे आज नाहीत असे मुळीच नाही. ग्रंथालयातल्या जुन्या अंकातले पान छायाचित्रासह, वर्ष-महिन्यासह पाठवणारे आहेत. एखादी कविता चुकीच्या नावाने फिरताना दिसली की पुस्तक काढून, पान शोधून दुरुस्ती करणारे आहेत. सोपानदेवांची आई असलेल्या बहिणाबाई चौधरी आणि तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई या दोघींची सरमिसळ झाली, की शांतपणे फरक समजावून सांगणारे आहेत. गटातली इतर मंडळी अशा माणसाला किरकिऱ्या म्हणतात. पण खानदेशातल्या बहिणाबाईंची गाणी आपल्याला मिळाली ती आधी घरातल्यांनी उतरवून ठेवली, मग मुलाने ती आचार्य अत्र्यांपुढे नेली, आणि १९५२ मध्ये ती पुस्तकात आली म्हणून. त्या साखळीत कुणी एकानेही आळस केला असता, किंवा गाण्याखाली ‘अज्ञात’ असे लिहून ते पुढे सारले असते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या एका थोर कवयित्रीचे नाव कायमचे पुसले गेले असते.

फोनवरचे बाड कागदाच्या बाडापेक्षा अल्पायुषी आहे, हेही विसरून चालणार नाही. फोन बदलला, की वर्षानुवर्षे जमवलेले जाते. म्हणून ज्यांनी खरोखर चांगले काही वेचले आहे, त्यांना माझे सांगणे आहे की त्यातले निवडक वहीत उतरवून ठेवा. मूळ कर्त्याचे नाव लिहा, पुस्तक लिहा, तारीख घाला, खाली आपली सही करा, आणि चारी बाजूंनी थोडी जागा सोडा. कागदाची कड झिजते. अक्षर वाचले पाहिजे.